वेसाव्याच्या वाळूतले खोटे सिग्नल

९ जानेवारी १९७२, रविवार
वेसाव्याच्या किनाऱ्यावर साखरपुड्याची अंगठी पडली. बोटातून नाही, मुठीतून. ती काढून मुठीत का धरली होती, लक्षात नाही. जयवंत तेव्हा आमच्या होणाऱ्या स्वयंपाकघराबद्दल बोलत होता. बोंबील वाळत घालतात त्या बांबूंजवळची कोरडी वाळू अंधार पडेपर्यंत चाळली. मी शांत होते.

११ जानेवारी
जयवंतच्या आईंचा निरोप. अंगठी मिळेपर्यंत लग्नाची तारीख काढायची नाही, अपशकुन आहे. आई जेवली नाही.
मी रेडिओच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. धातू शोधणारं यंत्र म्हणजे दोन ऑसिलेटर, एक कॉइल आणि हेडफोन. रविवारी अंगठी हातात असेल. लग्नानंतर नोकरी सोडायची हे ठरलेलंच आहे, माझी हरकत नाही. हे शेवटचं काम नीट व्हावं, इतकंच.

१६ जानेवारी
यंत्र उत्तम चालतं. जरा जास्तच. पावलागणिक हेडफोनमध्ये कडकड. खूप खड्डे खणले, हाती शिंपले. बोंबीलवाल्या सोनूबाई म्हणाल्या, काय गो पोरी, नवरा पुरलास का काय इथे?
कारण साधं आहे, स्टॅटिक. नायलॉनची साडी, रबरी चपला, कोरडा वारा. अंगावर विद्युतभार साठतो आणि कॉइलला तो सिग्नल वाटतो. सोनूबाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, मग लुगडं बदल ना!
साडी जयवंतने दिलेली आहे. शिवाय तिला वाळू चिकटत नाही. साडी बदलण्यापेक्षा यंत्र सुधारणं जास्त शास्त्रीय.

२३ जानेवारी
कॉइलला चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद गुंडाळला. कडकड संपली. पण बाकी सगळंही संपलं. चाचणीसाठी आईची बांगडी खाली ठेवली, तीसुद्धा ऐकू येईना. कागदाच्या वेढ्यात फट ठेवावी लागते, नाहीतर कॉइल बहिरी होते. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून मला हे माहीत आहे. घाईत राहिलं.
घाई कसली, असं आईने विचारलं. कारखान्याचं काम आहे, म्हटलं.

३० जानेवारी
फट ठेवली. नायलॉन नेसले. थोडी कडकड उरली. जयवंत सोबत आला होता. तो म्हणाला, यार, त्या डब्यातून डोकं काढ, माझ्याकडेही बघ ना. मग म्हणाला, काही वाया जाणार नाही तुझं शिक्षण, घरची इस्त्री तूच दुरुस्त करशील. स्वतःच खूप हसला. मीही हसले असावे.
त्याच्या खिशातल्या किल्ल्यांनी रीडिंग बिघडत होतं. त्याला दूर उभं राहायला सांगितलं. आणखी दूर. मग बरं चाललं.

६ फेब्रुवारी
आईने नायलॉनची साडी मुद्दाम भिजत घातली. म्हणाली, आज सुती नेस, अनवाणी जा, आणि ती अंगठी घेऊनच ये बाई.
गेले. हेडफोनमध्ये पहिल्यांदाच पूर्ण शांतता. स्टॅटिक शून्य. मग बांबूंच्या मधोमध सूर चढला. चारही बाजूंनी कॉइल नेली, दरवेळी त्याच जागी चढला. स्टॅटिक असं जागा धरून बसत नाही. हवामान असामान्य असावं.
माझा चेहरा बघून सोनूबाई धावत आल्या. गावली काय गो? खण, खण!
त्यांना सांगितलं, हा खोटा सिग्नल आहे. मग खणून तरी बघ, त्या म्हणाल्या. म्हटलं, अनुभवाने कळतं. पायाने वाळू सारखी केली. त्यांनी एकदा सारख्या केलेल्या वाळूकडे बघितलं आणि बोंबील उलटायला गेल्या.
जयवंतला उद्या कळवेन की यंत्र आता पूर्ण भरवशाचं झालं आहे. सगळी जागा तपासली, अंगठी तिथे नाही.