बोटीवर गेलेल्या माणसाच्या बायकोची शेवटची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा कपड्यांना इस्त्री करण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता करत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. तळमजल्यावरचे इस्त्रीचे दुकान, टेबलासकट, माझ्या भाच्याला द्यावे. तो मला नेहमी म्हणतो, "मावशी, सोड ही गल्ली. इथे शिंकलं तरी चार घरांतून चौकशी होते." खरे आहे. आमच्या भिंती नावापुरत्या आहेत. कोणाच्या घरात काय करपले, कोण कोणाशी बोलत नाही, सगळे जिन्यातच कळते. अशा गल्लीत आपली एक गोष्ट लपली आहे, असे मी निम्मे आयुष्य समजत राहिले.

ती गोष्ट अशी. माझे यजमान मला सोडून गेले. मी सांगितले, बोटीवर नोकरी लागली. एका वाक्यात वेळ मारून नेली आणि मग ते वाक्य सांभाळत बसले. अधूनमधून त्यांचे जुने शर्ट धुऊन गॅलरीत वाळत घालायची आणि म्हणायची, "रात्री आले होते, पहाटेच गेले." ते खरे म्हणजे पुलापलीकडे दुसरा संसार थाटून होते. मला ते ठाऊक होते. गल्लीला नाही, अशी माझी समजूत.

२. शिंप्याला काहीही देऊ नये. त्याने भर गल्लीत मला विचारले होते, "वहिनी, बोटीवर बायका पण असतात का हो?" तेव्हा मी त्याला भोचक समजले. आता वाटते, खरे बोलायला त्याने मला एक दार उघडून दिले होते. तरीही देऊ नये.

३. विजेची मोठी इस्त्री आणि कपाटातल्या नव्या चादरी वरच्या मजल्यावरच्या काकूंना द्याव्यात. कारण सांगते.

गेल्या वर्षी दुकानात एक मुलगी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "आमच्याकडचा इस्त्रीवाला बंद आहे. एवढा एक शर्ट लगेच द्याल का? बाबांना शेवटचा घालायचाय." मी शर्ट पसरला. कॉलर एकाच बाजूने झिजलेली. मान वाकडी करून बसणारा माणूस मी ओळखते. वर पाहिले तर मुलीचे कपाळही त्यांचेच.

मी इस्त्री केली. बाह्या, पाठ, शेवटी कॉलर. तिने पर्स उघडली, तेवढ्यात समोरचे किराणावाले रस्ता ओलांडून आले. "राहू दे पोरी, तू जा," म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी माझ्या दुकानाचे शटर अर्धे ओढले आणि खाली बघत म्हणाले, "आज पुरे, वहिनी."

तेव्हा मला कळले, गल्लीला सगळे ठाऊक होते. जमीन दुभंगावी असे झाले. नवरा गेल्याचे रडू नंतर आले, आधी लाज आली.

वरच्या काकू चहा घेऊन आल्या. मी विचारले, "केव्हापासून ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्षापासून. तुम्ही सांगत होतात, आम्ही ऐकत होतो."

"हसलात?"

"एकदाच. तुम्ही म्हणालात, बोटीवर त्यांना सर्दी झालीय, आणि त्याच दिवशी आमच्या ह्यांनी त्यांना पुलापलीकडे आइस्क्रीम खाताना पाहिलं."

मीही हसले, आणि मग हुंदका आवरेना. अख्ख्या गल्लीने माझ्यासाठी खोटेपणा केला होता. मुलांनासुद्धा बजावले होते, की हिच्यासमोर पुलापलीकडचे नाव काढायचे नाही. माझी लाज मी झाकते असे मला वाटे. झाकणारे हात त्यांचे होते. त्यानंतर बरेच दिवस मी गॅलरीत गेले नाही. कोणी हाकही मारली नाही, पण दाराशी रोज कोणाचा तरी डबा असे.

४. राहते घर माझ्या यजमानांच्या त्या मुलीला द्यावे. ती नंतर पुन्हा आली होती. उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं हो." तिची मान खाली होती. त्यात तिचा काय दोष? मी तिला आत बसवले. तिला आता आई नाही, भाड्याच्या खोलीत राहते. भाच्याला हे पटणार नाही. त्याने वाद घालू नये, ही मावशीची विनंती आणि हुकूमही.

५. गल्लीतल्या सर्वांस : ती राहायला आली, की तुम्ही ओळखणारच. तिला बघून गप्प होऊ नका. जिन्यातच सरळ विचारा, "तू कोणाची?" ती सांगेल. मग तिला घरात बोलवा.

वरील मजकूर वाचून, समजून सही करत आहे.

सही : इस्त्रीवाली

साक्षीदार : समोरचे किराणावाले; कोपऱ्यावरचे चष्मेवाले (दोघांनाही यात काही मिळत नाही)

ठिकाण : राहते घर
तारीख : आजची, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली ती