तापलेल्या चौकोनांना शार्दूलविक्रीडित

केंद्रावरून,
९ एप्रिल

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. माझ्या मागच्या पत्रातले सात ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारून तुम्ही ते मलाच परत पाठवलंत, त्याबद्दल आभार. पस्तिशी उलटली तरी माझी वही तपासणारं कुणीतरी आहे, हा दिलासा लहान नाही.

आता एक काम सांगते. रानाच्या कडेला आमचे जमिनीचे बारा चौकोन आहेत, प्रत्येक एका पलंगाएवढा. सहांच्या खाली विजेची तार पुरलेली आहे. ती तिथली माती शेजारच्या मातीपेक्षा चार अंशांनी गरम ठेवते. उरलेले सहा जसे होते तसेच. हे सगळं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी अकरा वर्षांपूर्वी मांडलं आणि निवृत्त होताना माझ्या हवाली केलं. मातीत कुजलेली पानं, मुळं, मेलेले किडे यांचा कार्बन साठलेला असतो. डोळ्यांना न दिसणारे जीव तो खातात आणि आपल्यासारखाच उच्छ्वास टाकतात. ऊब वाढली की त्यांची भूक वाढते. पहिली सहा वर्षं तापलेल्या चौकोनांनी भराभर कार्बन हवेत सोडला. त्यानंतर पाच वर्षं ते गार चौकोनांइतकेच शांत आहेत.

प्रयोगाला पैसे देणारी समिती म्हणते, मातीला उबेची सवय झाली, प्रयोग संपला, एकतीस ऑगस्टला वीज तोडा. मॅडमचं आणि माझं म्हणणं असं की सवय वगैरे काही नाही, फक्त सोपं खाणं संपलंय. ते जीव आता खालच्या जुन्या, चिवट, लाकडासारख्या साठ्याकडे वळतील. तो शेकडो वर्षांचा साठा आहे, मामा. तो उघडला तर जगाला कळायला हवं, आणि तार बंद पडली तर कळणार नाही.

एप्रिलअखेर मला दोन आठवडे शहरात समितीपुढे बसायचंय. माझी सहकारीण बाळंतपणाच्या रजेवर आहे. मोजणी चुकवता येत नाही आणि तुमच्या शाळेला तेव्हा सुट्टी असते. काय करायचं ते सोबतच्या कागदावर क्रमाने लिहिलंय. याल ना? इथे फोन लागत नाही, तेव्हा पत्रानेच कळवा. मामींना नमस्कार.

लोभ आहे हे गृहीत धरूनच सगळं मागितलंय.

तुमची,
ढेकूळ

•

घरून,
४ मे

चि. ढेकूळ हिस,
अ. उ. आ.

कामगिरी फत्ते. तुझा मामा सुखरूप परतला, फक्त गुडघे अजून केंद्रावरच आहेत.

वाचकाला संदर्भ असावा म्हणून लिहून ठेवतो, की तुझं हे टोपणनाव माझीच देणगी. सातव्या वर्षी तू माझ्या टेबलाखाली डब्यात मातीचं एक ढेकूळ ठेवलं होतंस, त्यातून काय निघतं ते पाहायला. महिनाभराने जे निघालं ते पाहून तुझी मामी माहेरी जायला निघाली होती. त्याच ढेकळाने तुला आज अकरा वर्षांच्या चौकोनांची मालकीण केलं, हे तिला अधूनमधून ऐकवतो.

राखणदाराने मला दोन मापं मोठे बूट दिले आणि बारा चौकोन ओळीने दाखवले. प्रत्येकात जमिनीत रुतवलेलं धातूचं कडं, त्यावर झाकण. झाकण लावून अर्धा तास थांबायचं, मग आतली हवा पिचकारीत ओढायची आणि ती काचेच्या कुपीत सावकाश सोडून बूच लावायचं. तुझ्या कागदावर ‘किमान पंधरा सेकंद’ असं होतं. माझ्या घड्याळाचा सेकंदकाटा गेली चार वर्षं संपावर आहे. पण तुझ्या मामाला घड्याळ कशाला? अनुष्टुभ छंदातला एक श्लोक नीट, यतीसकट म्हटला की पंधरा सेकंद होतात. तीस वर्षं वर्गात म्हणतोय, काटा चुकेल, मी चुकणार नाही.

कुपी डोळ्यांजवळ धरून, चष्म्याखालून बघत, गार चौकोनांपाशी मी एकेक अनुष्टुभ म्हटला. तापलेल्या सहांची मात्र मला दया आली. अकरा वर्षं तापात आहेत बिचारे. त्यांना मी प्रत्येकी एक अख्खं शार्दूलविक्रीडित दिलं, चांगलं अर्ध्या मिनिटाचं, खड्या आवाजात. राखणदार म्हणाला की इथे आजवर कुणी मातीशी इतक्या आदराने बोललं नव्हतं.

बाराही कुप्या प्रयोगशाळेकडे रवाना केल्या. ताईचा फोन होता. तू वेळेवर जेवतेस का, हे मी तिथे जाऊन तपासलं की नाही, असं विचारत होती. तू तिथे नव्हतीसच, हे मी तिला तीनदा सांगितलं.

कळावे. पुढच्या पत्रात ‘परिणाम’ हा शब्द तरी शुद्ध असावा, ही अपेक्षा.

तुझा,
मामा

•

शहरातून,
६ मे

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र केंद्रावर गेलं असेल, मी अजून इथेच आहे. पण थांबवत नाही म्हणून लिहिते. मामा, माती जागी झाली! प्रयोगशाळेने आज सकाळी आकडे दिले. तुम्ही भरलेल्या कुप्यांमध्ये तापलेले सहाच्या सहा चौकोन गार चौकोनांच्या जवळजवळ दुप्पट आहेत. पाच वर्षांनी!

मी कागद घेऊन तशीच समितीच्या खोलीत शिरले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले की असं असेल तर वीज आणखी पाच वर्षं चालू राहील. बाहेर येऊन मी जिन्यात बसले आणि मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या की तुझ्या मामांना माझा नमस्कार सांग.

तर नमस्कार घ्यावा. घाईत लिहिलंय, शाई लाल करून ठेवा.

तुमची,
ढेकूळ

•

केंद्रावरून,
११ मे

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

आज परत आले आणि तुमचं चार तारखेचं पत्र वाचलं. उभ्यानेच वाचलं. नंतर बसून पुन्हा वाचलं.

मामा, माणसाच्या उच्छ्वासात बाहेरच्या हवेच्या शंभरपट कार्बन डायऑक्साइड असतो. उघड्या कुपीवर तोंड धरून तुम्ही श्लोक म्हटलात. गार कुप्यांना थोडा उच्छ्वास मिळाला, तापलेल्यांना त्याच्या दुप्पट. आकडेही जवळजवळ दुप्पट आले. त्यात मातीचं किती आणि तुमच्या शार्दूलविक्रीडिताचं किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

चूक माझी आहे. कागदावर ‘तोंड बाजूला ठेवावे’ असं मी लिहिलं नाही, कारण आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलंय की लिहायचं सुचलंच नाही. आणि मदतनीस छंदशास्त्रात पारंगत असेल, हे कुठल्याच नियमावलीत धरलेलं नसतं.

दुपारी राखणदाराच्या सायकलवरून रेंज असलेल्या टेकाडापर्यंत गेले आणि अध्यक्षांना कळवलं की हे बारा आकडे रद्द समजावेत. कारण विचारलं. सांगितलं. त्यांना हसू आवरलं नाही, पण निर्णय आवरता घेतला. वीज पहिल्यासारखीच एकतीस ऑगस्टला तुटणार.

तुमच्यावर रागावलेली नाही. आज एवढंच.

तुमची,
ढेकूळ

•

घरून,
१५ मे

चि. ढेकूळ हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोन दिवस घरात मी कुणाशी बोललो नाही. तुझ्या मामीने डॉक्टरांना बोलवायची तयारी केली होती.

क्षमा मागतो. वयाने मोठा म्हणून क्षमा मागायची सवय नाही, त्यामुळे वाक्यरचना कच्ची वाटेल. तुझी अकरा वर्षं मी दोन छंदांत बुडवली. तीस वर्षं मुलांना सांगत आलो की उच्चार स्पष्ट हवा, श्वास पोटातून यायला हवा. तो इतका पोटातून आला की विज्ञानाला भोवला.

सुट्टीतही आम्ही शाळेच्या कार्यालयात चहाला जमतो. तिथे हे सांगितलं तेव्हा गणिताचे मास्तर म्हणाले की पण तुमची भाची बोलली नसती तर कळलं कुणाला असतं? राखणदाराला शास्त्र ठाऊक नाही, तुम्हाला त्याहून नाही. वीज पाच वर्षं चालू राहिली असती आणि माती काय ती पुढे खरी-खोटी ठरलीच असती. तर्क चोख होता. मी खिशातून तुझं पत्र काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, मला परत दिलं आणि त्या दिवशी चहा मला त्यांच्या कपातला आधी दिला. हे मास्तर चहाच्या बाबतीत किती कठोर आहेत हे तुला ठाऊक नाही, म्हणून या घटनेचं वजन तुला कळणार नाही.

तुझ्या त्या पत्रात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. मी एकही सुधारलेली नाही. ते तसंच राहील.

जून, जुलै, ऑगस्ट अजून हातात आहेत ना? मग मोज.

तुझा,
मामा

•

केंद्रावरून,
३ ऑगस्ट

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

मोजलं. जूनमध्ये तापलेले चौकोन गार चौकोनांपेक्षा थोडे वर होते. इतके थोडे, की मी स्वतःलाच तीनदा विचारलं की तू तर श्वास सोडला नाहीस ना. जुलैत फरक वाढला. समितीला कळवलं. अध्यक्ष म्हणाले की मेच्या गमतीनंतर त्यांना तिसरी मोजणी हवी, आणि त्यांचा एक माणूस उभा राहून ती बघेल. तारीख तेवीस ऑगस्ट. आठ दिवसांनी वीज तुटायची आहे, म्हणजे ही शेवटचीच.

झाकणं एकाने लावायची आणि कुप्या दुसऱ्याने भरायच्या, असं दोघांचं काम आहे. सहकारीण अजून रजेवर आहे. समितीने प्रशिक्षित मदतनीस पाठवायची तयारी दाखवली होती. मी म्हटलं की माझ्याकडे माणूस आहे. आता ही चूक तो आयुष्यात पुन्हा करणार नाही, एवढं प्रशिक्षण दुसऱ्या कुणाचं झालेलं नाही.

रविवार आहे, शाळेची सबब चालणार नाही. सेकंदकाटा चालू असलेलं घड्याळ इथे आहे.

तुमची,
ढेकूळ

ता. क. : छंद घरी ठेवून यावेत.

•

केंद्रावरून,
२ सप्टेंबर

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

त्या रविवारी तुम्ही साडेतीन तास एक अक्षर बोलला नाहीत, हे आईला सांगितलं तर तिने दोनदा विचारलं की तुझे मामाच होते ना नक्की. तोंडावर दुहेरी उपरणं, मान बाजूला वळवलेली, हात लांब करून कुपी धरलेली. समितीच्या माणसाने मला हळूच विचारलं की यांचा दात काढलाय का. मी हो म्हटलं. आठव्या चौकोनापाशी तुमचे ओठ उपरण्याखाली हलताना मला दिसले आणि मी हाक मारणारच होते. पण तुम्ही लगेच कुपी खाली ठेवलीत, चार पावलं वाऱ्याच्या दिशेने दूर गेलात, जे काही होतं ते झाडाला म्हणून टाकलंत आणि परत आलात. मी पुढच्या चौकोनाचं झाकण लावायला वळले.

आकडे आले. तापलेले सहाच्या सहा वर आहेत, सुमारे एक तृतीयांशाने. मेमधल्या फुगलेल्या आकड्यांपेक्षा पुष्कळ कमी आणि पूर्ण खरे. एकतीस तारखेला तार तोडायला आलेला वायरमन परत गेला. पाच वर्षं मिळाली.

मामा, एक विचित्र गोष्ट लिहिते. बातमी वाईट आहे. सवय झाली असती तर जगाला बरं होतं. जुना साठा खरोखरच उघडायला लागलाय. तरीही संध्याकाळी मी चौकोनांशेजारी बसले होते तेव्हा मला अभिमान वाटत होता. हे बरोबर आहे का?

शोधनिबंध लिहायला घेतलाय. शेवटी आभार असतात. तुमचे कशाबद्दल मानू?

तुमची,
ढेकूळ

•

घरून,
७ सप्टेंबर

चि. ढेकूळ हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं. मग मी. मग ताईला फोनवर ऐकवलं. गणिताच्या मास्तरांनी ते मागून घेतलंय, परत मिळेल असं वाटत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. वैद्याने नाडी धरून खरा आजार सांगितला तर आजाराचा आनंद कुणालाच होत नाही. पण वैद्याच्या घरातल्या माणसाला, हात अचूक जागी पडला याचा अभिमान वाटला, तर त्याला दोष देऊ नये. मी त्या घरातला माणूस आहे. तू वैद्य आहेस. तेव्हा तुझ्यापुरतं तूच ठरव, माझ्यापुरतं माझं ठरलेलं आहे. रस्त्यात भेटेल त्याला सांगतोय. काल दूधवाल्याला मातीचा कार्बन समजावला. बिचारा उद्यापासून दुसऱ्या गल्लीने जाईल.

झाडाला काय म्हटलं ते विचारू नकोस. शार्दूलविक्रीडित होतं, एवढं सांगतो. साडेतीन तासांत एकदा तरी कुणालातरी द्यावंच लागतं. मे महिन्यात ते मातीला दिलं, तेव्हा ते माझ्या हौसेसाठी होतं. या खेपेला मात्र तू समोर झाकणं लावत होतीस, समितीचा माणूस बघत होता, तुझा हात दर वेळी अचूक जागी पडत होता, आणि मला ते कुठेतरी म्हणणं भाग होतं.

आभारात माझं नाव घालू नकोस. ‘मामांचे आभार’ एवढंच. आणि कशाबद्दल असं कुणी विचारलंच, तर ‘मौनाबद्दल’ असं लिही. ताई म्हणते की हा शोध मातीच्या शोधाहून मोठा आहे, तो पहिल्या ओळीत हवा.

कळावे. लोभ वाढता राहावा, तापमान राहू नये.

तुझा,
बूच लावलेला मामा