दाराजवळचा बाक

तीर्थरूप आईस, तुझ्या थोरलीचा नमस्कार.

आता काळजी सोड. लॉन्ड्रीत मला कंत्राटावर घेतलं, म्हणजे वर्षभर रोज काम. इथे कायमच्या बायकांना आजारपणातही पगार मिळतो. कंत्राटी बाई आजारी पडली की काम गमावून घरी जाते. आणि हाक आली तरच काम मिळणाऱ्या, म्हणजे कालपरवापर्यंतची मी, दाराजवळच्या बाकावर टपून बसतात.

एक कंत्राटी बाई मला रोज तिच्या डब्यातलं द्यायची. ती ओल्या फरशीवर घसरली. ती उठायच्या आत मी एप्रन बांधला होता.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना जपून उतर.

आता बाकावर तिची सून बसते. तिला मी डब्यातलं काही देत नाही. खाऊ घातलेलं माणूस काय करतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

तुझीच,
थोरली