आटगावपर्यंत ये

लखमा रे,

तू गेलास म्हणून मुकादमाचा फोन आला. तमिळनाडूत देवळाच्या शिखराचं काम करताना परांचीवरून पडलास आणि तिकडंच तुला जाळलं. मला, तुझ्या बहिणीला, तुझं तोंडसुद्धा दाखवलं नाय.

उद्या तुझा दिस घालायचाय. आपल्या पाड्यावर, बाहेरगावी मेलेल्या माणसाला गाऊन घरी आणतात, वाटेतल्या एकेका गावाचं नाव घेत. एक गाव राहिलं तरी जीव तिथंच बसून राहतो. आईला मुरबाडच्या दवाखान्यातून मीच गाऊन आणली. पण तुला कशी आणू? मुकादमाला मधली गावं विचारली, तर म्हणतो, "गाडीत झोपलो होतो." झोपला मेला!

त्या देवळात रोज गाणाऱ्या म्हाताऱ्याचं गाणं तू मला फोनवर ऐकवलं होतंस. म्हणालास, "चिमीबाय, हे गाणं या दगडांपेक्षा जुनं हाय. ज्या देवळावर जुन्या संतांनी गाणी केली, तेच इकडं मोठं मानतात. आपल्या पाड्यावर कोणी गाणं केलंय का गो?"

मी हसले. म्हटलं, "इथं गाण्यासारखं काय हाय रे?"

त्या गाण्याची भाषा कळली नाय, पण चाल माझ्या गळ्यात राहिली. उद्या मी तीच धरणार. पाड्यावरचे म्हातारे रागावले तर रागावू देत. तुझ्या कानाला ती ओळखीची हाय, तिच्या मागं मागं चालत राहा. कुठं बसू नको. कसंही कर, पण आटगावपर्यंत ये.

तिथून आपल्या पाड्यापर्यंतची सगळी गावं मला येतात.

वाट बघणारी,
तुझी चिमीबाय