बाबांचा वर्तमानकाळ

चि. छकुलीस दादाचा आशीर्वाद.

मी ठीक आहे. हॉटेलच्या धुलाईखान्यात सदा ऊब असते, तेव्हा माझ्या थंडीची काळजी नको. आई दोन घास खाते का? फोनवर बोलताना ती तुझ्या शेजारीच असते, म्हणून हे लिहून कळवतोय.

बाबा गेल्याचा तुझा फोन आला, तेव्हा मी चादरींना इस्त्री करत होतो. मुकादमाने विचारलं, "का रडतोस?" मला फ्रेंचमधला वर्तमानकाळ तेवढा येतो. म्हणालो, "बाबा मरतात." त्याला वाटलं, ते अंथरुणाला खिळलेत. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "धीर धर, बरे होतील."

आता तो रोज सकाळी विचारतो, "बाबा कसे आहेत?" मी म्हणतो, "बरे आहेत." तेवढं मला चोख बोलता येतं.

तू बारावीला फ्रेंच घेतलंस तेव्हा मी चिडवलं होतं, भाजीवालीशी बोलणार का म्हणून. आता घरात काहीही झालं तरी ते सोडू नकोस. 'गेले' कसं म्हणायचं, ते मराठी अक्षरांत लिहून पाठव. मुकादम भला माणूस आहे, त्याला असं फसवणं बरं नाही.

पण सावकाश पाठव. सकाळी कुणीतरी बाबांची चौकशी करतं, ते बरं वाटतं गं.

तुझा,
दादा