दादाला मारलं

गुरुवार, संध्याकाळ

आज मी दादाला मारलं. सख्ख्या मोठ्या भावाला.

पिकअपच्या सीटमागे बसेल असा सबवूफरचा बॉक्स पंधरा दिवस खपून बनवला होता. प्लायवूड मीच कापलं, वर काळं कारपेट मीच चिकटवलं. सकाळी वाजवून बघितला आणि जेट्टीवर गेलो. परत आलो तर दादा तो अंगणात कुऱ्हाडीने फोडत होता.

"आई छाती धरून बसली तुझ्या धडधडीने! मासळीच्या गाडीला हे कशाला हवं?"

आईबद्दल तो काय बोलला ते मला ऐकूच आलं नाही. हातात गाडीचा पाना होता, तोच त्याच्या तोंडावर हाणला. एकदाच? न्हाय, दोनदा. दुसऱ्यांदा मारला तेव्हा तो खाली पडलेला होता. पडलेल्या माणसाला का मारलं मी?

आईनेच माझ्या हातातून पाना ओढून घेतला.

दवाखान्यात दादा डॉक्टरांना म्हणाला, "गाडीखाली होतो, जॅक सटकला." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पडलेला होता तो.

येताना गाडी मी चालवली. आई पुढे बसली. पुढे तिघांची जागा होती, तरी दादा ओठाला टाके घेऊन मागे उघड्या हौद्यात बसून घरापर्यंत आला.