शाळेतला हिरवा मांडव

पिंपळनेर, १२ फेब्रुवारी १९९१

अंटार्क्टिकाच्या बर्फात वर्ष काढून आलेले, आता शाळाशाळांतून झाडं वाचवायला शिकवणारे सर आज मी बोलावलं म्हणून मी शिकवते त्या शाळेत आले. आणि माझ्या वडिलांनी, आबांनी, त्यांच्यासाठी शाळेचाच कडुनिंब तोडून लग्नासारखा हिरवा मांडव घातलेला!

"आबा, हाई काय करं?"

"मनी बी. ए. पोरना पाव्हना शे. उन्हात बसाडू का त्याले?"

सरांनी मांडवातलं एक पान हातात घेतलं. "तिकडे वर्षभर हिरवं पान दिसलं नव्हतं," एवढंच म्हणाले. ते पान त्यांनी नेलं की टाकलं? मला मान वर करवलीच नाही.

जेवताना आबांनी विचारलं, "साहेब खूश झाया ना?"

मी हो म्हटलं.